पावसाळ्यात कोंडलेल्या गावठी कोंबड्या: घरचा भरडा की तयार गोळी?

आमच्याकडे चिपळूणला जून लागला की 14 गावठी कोंबड्या खुराड्यात, त्या भात कापणीला येईपर्यंत. एरवी परसात उकरून किडेमुंग्या, पाला सगळं स्वतःच मिळवतात, कोंडल्यावर मात्र आपण घालू तेवढंच. तर प्रश्न हा की घरी कालवायचं का तयार खाद्य आणायचं, मी दोन्ही केलंय.

घरचं म्हणजे मक्याचा भरडा, कणी, कोंडा, शेंगदाणा पेंड आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून. स्वस्त पडतं, आणि कालवताना बरं वाटतं हे पण खरं. पेंड न् मका दमट हवेत बुरशी धरतात आणि ती बुरशी विषारी असते, पण तो धोका तयार खाद्यालाही आहेच. 50 किलोची गोणी 14 कोंबड्यांना महिनाभर सहज पुरते, शेवटी शेवटी वास येतो, म्हणून मी दुकानातून सुटं घेतो, पत्र्याच्या डब्यात ठेवतो.

माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आमच्या कोंबड्या मका तेवढा वेचायच्या, बाकीचं पायाने उडवायचं. शिंपल्यांचा चुरा तळाला तसाच. मग अंड्यांची कवचं पातळ, एक खोक्यातच फुटलं, एकीने चाखलं, आणि आठवड्यात चौघी अंडी खायला लागल्या! ही सवय मोडणं म्हणजे काय ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल, मी दिवसातून चार वेळा अंडी काढायला धावत होतो, छत्री घेऊन.

तयार खाद्याच्या गोळीत निवडानिवड नाही, प्रत्येक दाण्यात सगळंच. महिन्याभरात कवचं टणक झाली, निदान माझ्या हाताला तरी तशी वाटली. लेअर मॅशही (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं दळलेलं खाद्य) चालेल, पण ती भुकटी, ओल्या चोचीला चिकटते न् भांड्यात गोळे होतात. फक्त गोणीवरचं वाचून घ्या, मला एकदा ब्रॉयलर फिनिशरची, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांची गोळी दिली होती, त्यात कॅल्शियम जेमतेम 1 टक्का, लेअरमध्ये साडेतीन-चार असतं. आणि हो, त्याच कारणाने पिल्लांना लेअरचं घालू नका, मूत्रपिंडावर येतं.

गोळीचा तोटा एकच पण मोठा: पटकन पोट भरतं, मग दिवसभर रिकामटेकड्या एकमेकींची पिसं उपटत बसतात. त्यावर मी शेवग्याच्या डहाळ्या दोरीने टांगतो, उड्या मारून खातात, बलकाचा रंगही टिकतो.

तुमच्याकडे घरचा मका, चक्की जवळ आणि कोंबड्या चार-पाचच असतील तर घरचं करून बघा, शिंपल्या मात्र वेगळ्या वाटीत ठेवा (हे मला उशिरा सुचलं). मी आपला सकाळी गोळी आणि संध्याकाळी तुसात दोन मुठी भात फेकतो, अंधार पडेपर्यंत उकरत बसतात.