मुद्रा लोन : स्कीम चांगली, ब्रँचने मात्र रडवलं

आमची पिठाची गिरणी आणि मिरची कांडप आहे, कांडपाची दुसरी मशीन घ्यायची म्हणून जानेवारीत मुद्रा म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेत, किशोर गटात, बँकेत अडीच लाखाचा अर्ज टाकला. शिशु ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाखापर्यंत, तरुण १० लाखापर्यंत, आणि तारण लागत नाही, २०१५ पासून स्कीम चालू आहे. तरी बँकेतले साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले एफडी ठेवा नाहीतर सरकारी नोकरीवाला जामीनदार आणा.

मग दोन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न मागितलं. आमचा धंदा सगळा रोखीचा, बायका डबा घेऊन येतात, दळून नेतात, पावती कोण मागतं? वही दाखवली, लाईटबिलं दाखवली, तर वहीकडे बघितलं पण नाही. तेव्हा खूप वाईट वाटलं खरंच, १४ वर्षांचा हिशोब आहे त्यात.

नंतर एका ओळखीच्यांनी सांगितलं की छोट्या उद्योगांना एवढ्या कर्जासाठी तारण मागायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, मग अर्ज लेखी दिला, पोच घेतली आणि नाकारत असाल तर कारण लिहून द्या म्हटलं. तिथून फाईल हलली. पैसे मेमध्ये आले, तोवर मसाल्याचा सीझन संपत आलेला, आणि मधल्या काळात मशीनचा अ‍ॅडव्हान्स द्यायला सावकाराकडून महिना ३ टक्क्याने उचलावे लागले.

स्कीमला ४ स्टार, ब्रँचला १. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट असते, एजंटला पैसे देऊ नका, मी दिले.