तृतीयपंथीयांचे राष्ट्रीय पोर्टल: शपथपत्र पुरत होते, पत्ता अडवत होता

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने 25 नोव्हेंबर 2020 रोजी तृतीयपंथीय व्यक्तींसाठी राष्ट्रीय पोर्टल सुरू केले. प्रमाणपत्र आणि ओळखपत्र यांसाठी त्यावर अर्ज करणाऱ्या, खेड्यांतून आणि तालुक्याच्या गावांतून आलेल्या अनेकांना मी मदत केली आहे. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले असून, 2019 चा तृतीयपंथीय व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा आणि त्याखालचे 2020 चे नियम यांनी, 2026 च्या दुरुस्तीपूर्वी, आखून दिलेल्या प्रक्रियेपुरते ते मर्यादित आहे.

या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग होता अर्जासोबतचे शपथपत्र. अर्जदाराने आपली लिंगओळख स्वतः जाहीर करायची आणि जिल्हाधिकाऱ्यांनी कोणत्याही वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणीविना त्या आधारावर प्रमाणपत्र द्यायचे, असे 2020 चे नियम सांगत होते. ज्या माणसाला शाळेपासून बसस्टँडपर्यंत प्रत्येक ठिकाणी ‘तू नक्की कोण?’ हा प्रश्न झेलावा लागला, त्याचे उत्तर सरकारने त्याच्याच शब्दांत मान्य करावे, ही फार मोठी गोष्ट आहे. ती कोणाच्या उपकाराने मिळालेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातील निकालाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. अर्ज ऑनलाइन असल्यामुळे सुरुवातीलाच खिडकीसमोर रांगेत उभे राहून लोकांच्या नजरा सोसाव्या लागत नाहीत, हेही ज्यांनी त्या नजरा सोसल्या आहेत त्यांना विचारून पाहावे.

अडचण पुढे येते, आणि ती संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग 12 महिने राहत असल्याची खातरजमा नियमांना अपेक्षित आहे. स्थिर घर असलेल्या नागरिकासाठी ही किरकोळ बाब असेल, परंतु येथे अर्ज करणारे बहुतेक जण घरातून बाहेर काढलेले किंवा मार खाऊन स्वतःच बाहेर पडलेले असतात. शिधापत्रिका वडिलांच्या ताब्यात असते, आधारकार्डावर गावचा पत्ता असतो, आणि गुरूच्या, म्हणजे आसरा देणाऱ्या ज्येष्ठ तृतीयपंथीयाच्या, घरी किंवा भाड्याच्या खोलीत काढलेल्या वर्षांचा कागद कोठेच नसतो, कारण त्यांना खोली देणारा मालक भाडेकरार लिहून देत नाही. म्हणजे ज्या घराने आणि गावाने नाकारले, त्यांच्याच कागदांवर ही ओळख शेवटी अवलंबून राहते. एका कार्यालयाने रहिवासाच्या चौकशीसाठी थेट गावात माणूस पाठवला आणि जी गोष्ट अर्जदाराने आईखेरीज कोणालाही सांगितली नव्हती, ती संध्याकाळपर्यंत पारावर पोहोचली. नियमात गोपनीयतेची कितीही भाषा असली, तरी अशा चौकशीने होणारे नुकसान प्रमाणपत्राने भरून येत नाही. दुसऱ्या एका कार्यालयात, नियम स्पष्ट असतानाही, रुग्णालयाचा दाखला मागण्यात आला; नियमाची प्रत समोर ठेवल्यावर तो आग्रह सुटला, पण एकट्याने गेलेल्या माणसाकडे ती प्रत असतेच असे नाही.

कायद्याच्या कलम 7 बद्दल माझा आक्षेप अधिक मूलभूत आहे. प्रमाणपत्रावर ‘तृतीयपंथीय’ याऐवजी ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रिया झाल्याचा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावा लागतो. लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर असल्याचे नालसा निकालात नमूद असताना ही अट ठेवली गेली, आणि ती गरीब अर्जदाराला सर्वांत जास्त जाचते.

इतके असूनही हा खटाटोप करावा असे मी आग्रहाने सांगेन. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली गुरू संजना जान यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर भरलेला अर्ज निवडणूक अधिकाऱ्यांनी फेटाळला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये, 2019 च्या कायद्यातील स्वतःच्या जाणिवेनुसार लिंगओळखीच्या हक्काचा आधार घेत, त्यांना स्त्री उमेदवार म्हणून उभे राहू दिले, आणि गावाने त्यांना निवडून दिले. जुन्या वळणाचे म्हणून ज्याला आपण मोडीत काढतो तो गावगाडा संधी मिळाल्यावर वेगळा कौलही देतो. मात्र मतपेटीपर्यंत पोहोचण्याआधी कागदावरची लढाई जिंकावी लागते. आयुष्मान भारत योजनेतून तृतीयपंथीयांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यसंरक्षण देण्याचा ऑगस्ट 2022 मधील करारही याच प्रमाणपत्राशी जोडलेला आहे.

2026 च्या दुरुस्ती कायद्याने ओळखीची खातरी माणसाच्या शब्दावरून हटवून पुन्हा डॉक्टरांच्या टेबलावर नेण्याची तरतूद केली; या सेवेतील एकमेव निर्विवाद चांगली बाब त्याने काढून घेतली असे मी समजतो. सुधारणा हवी होती ती रहिवासाच्या पुराव्यात: गुरूचे किंवा समाजात काम करणाऱ्या संस्थेचे लेखी निवेदन पुरेसे मानावे आणि गावात चौकशी करूच नये.

अर्ज करणाऱ्यांनी शपथपत्राची आणि नियमांची छापील प्रत जवळ ठेवावी, अर्जाचा क्रमांक विश्वासातील एका व्यक्तीकडे लिहून ठेवावा, आणि अर्ज फेटाळला गेल्यास लेखी कारण मागून घ्यावे, कारण अपिलासाठी 90 दिवसांची मुदत आहे.