पॉलिमर क्लेची फुलं, दहा महिन्यांनंतर: कुसळासकट अनुभव

दीड महिन्यापूर्वी एका रविवारी कपाटावरच्या, पॉलिमर क्लेनं (ओव्हनमध्ये भाजली की कडक होते ती) केलेल्या चाफ्याच्या फांदीची धूळ झटकत होतो. हातात मेकअपचा मऊ ब्रश होता, हातोडी नव्हे. तिसऱ्या फुलापाशी 'कट्' असा बारीक आवाज झाला आणि एक पाकळी खाली पडली. उचलून पाहिली तर तुटलेली कड खडूसारखी भुसभुशीत. चिमटीत धरून जराशी वाकवली, तर तिचेही दोन तुकडे. ही फांदी करायला मी चार रात्री जागलो होतो, आणि तिला सहा महिने जेमतेम झाले होते. त्याच संध्याकाळी विक्रेत्याच्या पानावर एक तारा ठोकून आलो. खाली लिहिलं, 'माल ठिसूळ, पैसे पाण्यात.'

तो तारा नंतर बदलला. हा अनुभव एका बैठकीत लिहिलेला नाही, त्यामुळे वरचं मत आणि खालचं मत जुळलं नाही तर बुचकळ्यात पडू नका.

मी घेतलेला संच नेहमीचाच. क्लेच्या चोवीस रंगांच्या वड्या, पाच बोथट अवजारं, दोन्ही टोकांना गोळे असलेली एक काडी (बॉल टूल), पाकळीवर शिरा उठवायचा सिलिकॉनचा साचा, आणि हे सगळं ठेवायला फेल्टची मऊ पिशवी फुकट. 'फुकट' या शब्दापुढे माझं डोकं चालत नाही. दुसरा एक संच थोडा स्वस्त होता, पण त्यात पिशवी नव्हती.

चोवीस रंग घेण्यात मात्र फसलो. दहा महिन्यांत पांढरा तीनदा सुटा आणला, ट्रान्सलुसंट (अर्धपारदर्शक) दोनदा. जांभळा, निऑन गुलाबी आणि दोन्ही तपकिरी अजून वेष्टनात आहेत. संचातला हिरवा तर कुठल्याच झाडावर उगवत नाही. त्यात चिमूटभर लाल मळला की तो पानासारखा दिसायला लागतो. नव्यानं सुरू करणार असाल तर पांढरा, ट्रान्सलुसंट, पिवळा, लाल आणि निळा अशा पाच सुट्या वड्या घ्या. बाकीचे रंग यांतूनच निघतात.

आता मुद्द्याचं. कचरा.

पांढरी क्ले हातात घेतली की घरातला होता नव्हता तेवढा कचरा तिच्याकडे धाव घेतो. पाच मिनिटं मळून गोळा मऊ होतो, लाटायला घेतो, आणि बरोबर मधोमध एक काळा ठिपका. सुईनं टोकरून काढावा तर खड्डा पडतो. खड्डा बुजवावा तर बोटाचा ठसा उमटतो. ठसा घालवायला आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेला कापसाचा बोळा फिरवावा, तर त्या बोळ्याचाच धागा चिकटून बसतो. शेवटी तो गोळा पानांच्या रंगात ढकलायचा आणि नवी वडी फोडायची. रंगीत क्लेलाही इतकाच कचरा लागतो म्हणा, पण तिथं तो दिसत नाही आणि आपण सुखात असतो. ट्रान्सलुसंट सर्वांत वाईट. तिच्यात आतला, खोलवरचा कचराही दिसतो.

यातला एक तंतू तर माझा खास वैरी. लाल, केसाहून बारीक, अर्धा सेंटिमीटर लांब, टोकाला वळलेला. हात धुतलेले, खालची काच पुसलेली, पंखा बंद, अंगात धुवून धुवून विरलेला पांढरा सुती शर्ट, तरी चारांतल्या एका पाकळीत हा हजर. घरात लाल लोकरीचं एकही वस्त्र नाही. मी कपाटं उपसून पाहिली आहेत.

जे उपाय थोडेफार चालले ते सांगतो. हात धुऊन टॉवेलनं पुसू नका, टॉवेल नवे धागे देतो. तसेच वाळू द्या. मग पांढऱ्या क्लेचा एक जुना, वाया गेलेला गोळा दोन मिनिटं मळा. हातावरचं जे काही असतं ते तो ओढून घेतो. काम नेहमी पांढऱ्यापासून सुरू करा, मग पिवळा, लाल सर्वांत शेवटी, कारण लाल रंग बोटांच्या रेषांत जाऊन बसतो. लाटायच्या यंत्राच्या फटीत आधीचा रंग अडकतो आणि पांढऱ्यावर करडा पट्टा ओढतो, म्हणून मी यंत्र घेतलंच नाही (पैसेही वाचले). गुळगुळीत ॲक्रिलिकची दांडी, दोन्ही बाजूंना चार-चार पत्ते रचून मधे क्ले. पत्त्यांवरून दांडी फिरली की सगळीकडे सारखा, साधारण एक मिलिमीटरचा थर मिळतो.

तर पाकळी तुटली. विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया भाजण्याच्या सूचना पाळा.' पाळल्या, म्हटलं. 'व्हिडिओ पाठवा.' पाकळी मोडतानाचा व्हिडिओ पाठवला. त्यासाठी आणखी एक चांगली पाकळी मोडावी लागली. 'परताव्याची मुदत संपली आहे.' मग हे आधीच सांगायचं की! चिडून पुन्हा सूचना वाचायला घेतल्या, तेव्हा दिसलं की वड्यांच्या वेष्टनावर ११० अंश आणि ३० मिनिटं आहे, तर संचातल्या कागदावर १३० अंश आणि १५ मिनिटं. यातली कुठली सूचना पाळायची, असं विचारलं. चार दिवसांनी उत्तर आलं, 'दोन्ही योग्य आहेत.'

ताईकडे हे सगळं रडगाणं गायलो. ती माझ्या कितीतरी आधीपासून ही फुलं करते आणि तिची फुलं धुळीचं फडकं मारलं तरी तुटत नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, ओव्हन किती तापतो तुझा?"

"अगं, डायल १२०-१३० वर असतो."

"डायल काय म्हणतो ते नाही विचारलं. आत किती असतं?"

आत किती असतं हे मी दहा महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर कायम यादीत असायचा आणि दर वेळी 'उगाच खर्च' म्हणून मी तो खोडायचो. ताईनं स्वतःचा दिला, दोन दिवसांच्या बोलीवर.

डायल १३० वर, वीस मिनिटं तापवलेला ओव्हन, मधली जाळी. काटा ९५ वर होता. सळी पेटली की हळूहळू ११२ पर्यंत चढायचा, सळी विझली की पुन्हा खाली. म्हणजे १३० त्या ओव्हननं कधी पाहिलेच नव्हते. मग तोच थर्मामीटर वरच्या सळीच्या जवळ ठेवला, तर काटा १६५ च्या पुढे. आणि इथं मला माझीच चूक दिसली. पहिल्या दोन-तीन फुलांच्या टोकांना तांबूस डाग आले होते. मी समजलो उष्णता जास्त होतेय, म्हणून त्यानंतर डायल १२० वर आणला. प्रत्यक्षात उंच टोकांना सळीची थेट धग लागत होती आणि खालचं फूल कच्चं राहत होतं. करपलेलं आणि कच्चं, एकाच फुलात. क्लेमधलं कुसळ मी भिंग लावून शोधत बसलो होतो. ओव्हनमधलं मुसळ ताईनं एका प्रश्नात दाखवलं.

कच्चं राहिलेलं कळत का नाही, याचं कारण या मालातच आहे. क्ले म्हणतात, पण ही माती नाही. पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर, रंग आणि थोडी भर. भाजताना ती वाळत नाही. उष्णतेनं पीव्हीसीचे कण प्लॅस्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत मिसळून एकसंध होतात. ते पुरतं झालं नाही तरी थंड झालेलं फूल कडकच लागतं, दिसतंही तसंच. मोडतं मात्र कणाकणांनी. खडूसारखी कड का होती, ते आता कळलं. नीट भाजलेली पातळ पाकळी उलट वाकते. दुसऱ्या टोकाला, १७५ अंशांच्या वर गेलात तर ती जळते आणि डोळ्यांना झोंबणारा हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते, तेव्हा अंदाजानं डायल फिरवण्याचा उद्योग नको. क्लेच्या ब्रँडगणिक आकडाही बदलतो: फिमो ११० सांगते, प्रीमो १३०. फिमोची कुळकथा मजेशीर आहे, जाता जाता सांगतो. १९३९ मध्ये बाहुल्या करणाऱ्या जर्मन बाई केटे क्रुझे यांच्याकडे असा एक माल आला. त्यांच्या कारखान्याला तो काही चालला नाही. त्यांनी तो मुलीला, सोफीला खेळायला दिला. तिला घरात फिफी म्हणत, आणि फिमोतलं 'फि' ते हेच.

आता खरी सुखद गोष्ट. कच्ची राहिलेली क्ले पुन्हा भाजता येते, सहा महिन्यांनीसुद्धा. हे मला माहीत नव्हतं आणि कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. फांदीवरची कागदी टेप सोडवली, नऊच्या नऊ फुलं तारेसकट सिरॅमिकच्या जाड फरशीवर ठेवली, फरशीवर साधा कागद (थेट फरशीला टेकलेल्या भागाला नको ती चमक येते), वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तंबू, म्हणजे सळीची थेट धग नाही. फरशी उष्णता धरून ठेवते, काटा फार नाचत नाही. डायल १५५ वर नेला तेव्हा फुलांजवळचा काटा १३० च्या आसपास टिकला. चाळीस मिनिटं. मग ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवलं आणि झोपलो.

सकाळी पाकळीच्या टोकाला नख लावलं. लवली. सोडली, परत जागेवर आली. मी तेच आणखी सात-आठ वेळा करून पाहिलं. मोडलेल्या दोन पाकळ्या लिक्विड क्लेनं चिकटवून पुन्हा भाजल्या. एकीचा सांधा दिसतो, दुसरीचा नाही. त्या दिवशी एकाचे चार तारे केले. विक्रेत्याकडून आभाराचा आपोआप येणारा संदेश आला.

पानं मात्र वाचली नाहीत, आणि त्याला मीच जबाबदार. पानांना चमक हवी होती. पाण्यात विरघळणारं वार्निश आणायचं सोडून घरात असलेलं पारदर्शक नेलपॉलिश लावलं. पहिले तीन महिने पानं सुंदर दिसली. मग बोटाला चिकट लागू लागली. नेलपॉलिशमधली द्रावकं क्लेला हळूहळू मऊ करतात, काही स्प्रेची वार्निशंही हेच करतात. आणि चिकट पानावर काय येऊन बसलं असेल? घरातली सगळी लव. अकरा पानं फेकली. खरं तर नीट भाजलेल्या क्लेला वार्निश लागतच नाही. वरून रंग किंवा पावडर लावली असेल तर गोष्ट वेगळी.

तशीच दुसरी काटकसर: उरलेली क्ले कडक, काचेसारख्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवली. महिन्याभरात डबीचा तळ मऊ पडून क्लेला चिकटला. डबीखाली त्रिकोणात ६ आकडा होता, म्हणजे पॉलिस्टायरीन. ५ आकड्याच्या डब्या टिकतात. तारेबद्दल एवढंच की भाजलेली क्ले धातूला धरत नाही. २२ गेजच्या तारेच्या टोकाला आकडा वळवा, पांढरा डिंक लावून वाळवा, मग त्यावर फूल बसवा.

गेल्या आठवड्यात नवी फांदी सुरू केली. अर्धा पांढरा, अर्धा ट्रान्सलुसंट. नुसत्या पांढऱ्याचा चाफा प्लॅस्टिकच्या चमच्यासारखा दिसतो. पाच थेंबाकृती पाकळ्या कापल्या, बॉल टूलनं कडा पातळ केल्या, प्रत्येकीची उजवी कड किंचित आत वळवली. मग पंख्यासारख्या एकीवर एक सरकवून गुंडाळल्या, पहिलीची कड शेवटचीखाली सारली, बुंधा बोटांत फिरवून निमुळता केला. पिवळा सॉफ्ट पेस्टल (रंगीत खडू) ब्लेडनं खरवडून त्याची पावडर कोरड्या ब्रशनं गळ्यापासून बाहेर ओढली. कच्च्या क्लेवर ती पावडर बसते आणि भाजताना पक्की होते. हे करताना दर वेळी वाटतं की रंग आपण लावत नाही, तो आतून वर येतोय.

आणि चौथ्या पाकळीत तो. लाल, अर्धा सेंटिमीटर, टोकाला वळलेला.

या वेळी सुई घेतली नाही. भिंग घेतलं आणि टेबलावरची एकेक वस्तू तपासत गेलो. काच साफ. दांडी साफ. पत्ते साफ. बॉल टूलच्या गोळ्यावर मात्र तसाच आणखी एक तंतू. बॉल टूल दोन मिनिटांपूर्वीच पिशवीतून काढलं होतं. फुकट मिळालेल्या, लाल फेल्टच्या पिशवीतून.

दहा महिने अवजारं मी इमानानं त्या पिशवीत ठेवत होतो. धूळ लागू नये म्हणून.

विक्रेत्याला लिहिलं. फुकट वस्तूंना परतावा नाही. चाराचे साडेतीन करायचे होते, पण तिथं अर्धा तारा देता येत नाही. पिशवी अजून आहे, फेकवत नाही. ताईनं थर्मामीटर परत मागितलाय. त्यातच घालून देतो.