टॅटू मशीन घेताय? आधी शिरोरेषा ओढून बघा

नाशिकच्या स्टुडिओत सगळ्यात जास्त काय गोंदलं जातं? ॐ, त्रिशूळ, महादेव, ‘आई’ आणि पोराबाळांची नावं. बहुतेक देवनागरीत. देवनागरीत लपायला जागा नसते. इंग्रजी कर्सिव्हमध्ये हात हलला तरी वळणात खपून जातं. शिरोरेषा जरा थरथरली की गिऱ्हाइकालाही दिसते. म्हणून मशीनची पारख ब्रँडवरून करण्यापेक्षा या आडव्या रेघेवरून करावी.

प्रॅक्टिस स्किनवर (सरावाच्या नकली कातडीवर) १२०७ आरएल कार्ट्रिजने, म्हणजे १२ नंबरच्या सात सुया गोल जुळवलेल्या, रेघांसाठीच्या बदलत्या सुईनळीने १० सेंटीमीटरची सरळ रेघ ओढा. आधी सावकाश, मग भरभर. यामागे साधं गणित आहे. सेकंदाला १०० टोचे पडत असतील आणि हात सेकंदाला २ सेंटीमीटर सरकत असेल, तर दोन टोच्यांत ०.२ मिलिमीटर अंतर पडतं. १२ नंबरची एकेक सुई ०.३५ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे टोचे एकमेकांवर चढतात आणि रेघ सलग येते. तेच टोचे ६० वर आले आणि हात ३ सेंटीमीटरने पळाला, तर अंतर अर्धा मिलिमीटर होतं. मग रेघ विरळ, ठिपकेदार दिसण्याची शक्यता वाढते. सुई स्किनमध्ये शिरताच मोटरचा आवाज खाली बसत असेल तर मोटर कमजोर आहे. हवेत फिरवून कुठलीही मशीन झकास वाटते.

रेघ ठरावीक अंतराने जाड-बारीक होत असेल, तर संशय कॅमवर (मोटरचं फिरणं सुईच्या पुढे-मागे हालचालीत बदलणारा भाग) किंवा बेअरिंगवर. मध्येच तुटत असेल तर आरसीए केबल (मशीनला वीज देणारी वायर) पिनेजवळ हलवून बघा. दोष बऱ्याचदा तिथेच निघतो. आणि मशीनला नावं ठेवण्याआधी दुसऱ्या कंपनीचं कार्ट्रिज लावून तीच रेघ पुन्हा ओढा. पेन मशीन (पेनासारखी धरायची मोटरवाली मशीन) सुईला फक्त पुढे ढकलते, मागे ओढण्याचं काम कार्ट्रिजमधला पडदा करतो. पडदा ढिला असेल तर सुई वेळेवर मागे येत नाही आणि शाई उडते. फार ताठ असेल तर मोटरवर ताण येतो. विनापडद्याचं कार्ट्रिज तर नकोच, कारण शाई आणि रक्त ग्रिपमधून थेट मशीनमध्ये जातं आणि पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचू शकतं.

स्ट्रोकबद्दल, म्हणजे मशीन सुईला पुढे-मागे किती सरकवते त्याबद्दल, उगाच वाद होतात. एकच मशीन घ्यायची असेल तर ३.५ मिलिमीटर. लायनिंग आणि शेडिंग दोन्ही निभतं. रोज जाड रेघांचं काम असेल तर ४ किंवा त्याहून जास्त, पोर्ट्रेटचं मऊ शेडिंग असेल तर ३ च्या आसपास. स्ट्रोक म्हणजे सुई कातडीत किती खोल जाते ते नव्हे, हे नवे लोक विसरतात. खोली ठरते सुई किती बाहेर काढली आणि हात किती दाबला यावर. एफके आयर्न्स कंपनीच्या शिऑन मशीनमध्ये चाक बदलून स्ट्रोक बदलता येतो. सोय चांगली, पण एकाच प्रकारचं काम करणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आता वायरलेस. पावसाळ्यात वीज गेली तरी अर्धवट गोंदलेला हात तसाच सोडून बसावं लागत नाही, हा खरा फायदा. मात्र बॅटरी काढता-घालता येणारीच मशीन घ्यावी. आत बंद केलेली बॅटरी दमली की चांगली मोटरही पडून राहते. शायेन कंपनीच्या सोल नोव्हा अनलिमिटेड मशीनची बॅटरी वेगळी निघते आणि वेग व्होल्टऐवजी हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती टोचे या हिशोबात, लावता येतो. हे बरं, कारण एका कंपनीचे ८ व्होल्ट म्हणजे दुसरीचे ८ व्होल्ट नव्हेत. मोटर वेगळी की वेगही वेगळा. सोबत साधा पॉवर सप्लाय आणि एक वायरवाली मशीन कपाटात हवीच. सगळे पैसे एका भारी वायरलेसमध्ये घालण्यापेक्षा मध्यम दर्जाच्या दोन मशीन घेतलेल्या बऱ्या. एक बंद पडली म्हणून अपॉइंटमेंट फिरवावी लागत नाही.

कॉइल मशीन (मोटरऐवजी विद्युतचुंबकावर चालणारी) जुनी झाली म्हणून हसू नका. तिचा स्प्रिंग, काँटॅक्ट स्क्रू, कपॅसिटर सगळं डोळ्यांसमोर असतं. ठिणगी जास्त उडायला लागली तर आधी कपॅसिटर बघा. तो गेला की स्क्रूचं टोक जळून खड्डे पडतात आणि ठोका बिघडतो. स्टीलची ग्रिप किंवा एखादा स्क्रू नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर करून घेता येईल, वायरलेसचा बोर्ड तिथे कोणी करून देणार नाही. तोटा वजनाचा आणि आवाजाचा; चार तासांच्या बैठकीत मनगट बोलायला लागतं. ऑनलाइन स्वस्त किटमधली कॉइल मात्र सोडून द्या, ती सरावालाही चुकीची सवय लावते.

दुकानात असाल तर कार्ट्रिज लावून मशीन अर्धा तास सलग चालू ठेवा. ग्रिप कोमट झाली तर चालेल, हातात धरवेना इतकी तापली तर परत द्या. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. दुरुस्तीला मशीन कुठे पाठवायची आणि तोवर पर्यायी मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. नंतर फोन उचलला जाईलच असं नाही. आणि मोटरवाली मशीन ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) जात नाही, जंतुनाशकही थेट फवारायचं नाही. कापडावर घेऊन पुसायचं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं कव्हर.