थेरियन की ऑल्टरह्युमन?

वेळासच्या एका मुलीचा प्रश्न: आतून मी समुद्री गरुडच आहे असं वाटतं, मग स्वतःला काय म्हणू?

नेमकेपणात थेरियन सरस. पृथ्वीवरचा खराखुरा प्राणी हीच आपली ओळख, हे एका शब्दात कळतं. १९९०च्या दशकापासून तो रुळलाय. ऑल्टरह्युमन हा शब्द २०१४चा, माणूसपणाच्या नेहमीच्या कल्पनेत ज्यांची ओळख बसत नाही अशा सगळ्यांसाठी, पुष्कळ मोठ्या छत्रीसारखा: थेरियन, अदरकिन (स्वतःला ड्रॅगनसारखं कुणी माणसाहून वेगळं मानणारे), एका शरीरात आपण अनेक जण आहोत असं मानणारेही त्यात येतात. उद्या गरुडाबद्दल शंका आली तरी हा शब्द सोडावा लागत नाही.

घरी समजावणं दोन्हींत तितकंच कठीण. आजी काळजीने देवाला गाऱ्हाणं घालेल. तिला साध्या मराठीतच सांग; शरीर माणसाचं आहे हे मला ठाऊक आहे, हेही सांग.

आणि ओळखीचा पुरावा मागणाऱ्यांना उत्तर देऊ नकोस, कुठलंही नाव घेतलंस तरी.

प्राणी पक्का असेल तर थेरियन. अजून चाचपडत असशील तर ऑल्टरह्युमन.