निन्जा १०००एसएक्स: काही महिने हायवे आणि घाट, मग थेट चेन्नईचा ट्रॅक

स्पोर्ट टूरर (लांबच्या प्रवासाला आरामशीर पण वेगवान बाईक) रेस ट्रॅकवर नेऊ नकोस असं सांगणारे मला लई भेटले, आणि गंमत म्हणजे त्यातले निम्मे स्वतः कधी ट्रॅकवर गेलेलेच नव्हते. तर हा अनुभव लिहितोय तो मुख्यतः ज्यांच्याकडे अशी गाडी आहे, जे तिच्यावर बायकोला घेऊन गोव्याला जातात आणि मनात कुठेतरी ट्रॅक डेचा (फी भरून आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) किडा वळवळतोय त्यांच्यासाठी.

गाडी कावासाकी निन्जा १०००एसएक्स, सेकंडहॅंड घेतलेली, बीएस सिक्सवाली. १०४३ सीसी, चार सिलिंडर, १४२ पीएस, १११ न्यूटन मीटर टॉर्क. कोल्हापुरात राहतो त्यामुळे गाडीचा बराचसा जन्म गगनबावडा, राधानगरी, आंबोली आणि बेळगावकडचा हायवे यातच गेलाय. रोजच्या वापराबद्दल थोडक्यात सांगतो कारण ते बऱ्याच जणांनी लिहिलंय. टॉर्क इतका खालून येतो की गावातनं जाताना सहाव्या गिअरमधून खाली यायची गरजच पडत नाही, क्रूझ कंट्रोलमुळे हुबळी-दावणगेरे पट्ट्यात मनगटाला आराम, विंडशील्ड चार पोझिशनला हलतं आणि त्याला स्पॅनर लागत नाही. हायवेला लिटरला सोळा-सतराच्या आसपास देते, टाकी १९ लिटरची, म्हणजे पंपाची काळजी नाही. त्रास काय तर दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला एप्रिलमध्ये फॅन सुरू झाला की उजवी मांडी भाजते, आणि १३५ मिमी ग्राउंड क्लिअरन्सला आपले गावठी स्पीडब्रेकर तिरके करून पार करावे लागतात. लिटर क्लासच्या (हजार सीसीच्या आसपासच्या) गाडीला हे असणारच, तक्रार नाही. मागे बसणारीचं मत असं की सीट चांगली आहे पण चढताना जिना पाहिजे.

आता मुद्द्याचं. ट्रॅक म्हणजे चेन्नईचा, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला आहे तो, ज्याला सगळे अजूनही एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात, आता बोर्डावर मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे. ३.७ किलोमीटर, १२ कॉर्नर. मजेची गोष्ट अशी की हा ट्रॅक एनएच ४८ ला लागूनच आहे, म्हणजे जो हायवे कोल्हापूरला कावळा नाक्याबाहेर आपण रोज बघतो तोच धरून सुटलं की बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, बेंगळुरू, कृष्णगिरी, वेल्लोर करत गाडी ट्रॅकजवळच उभी राहते. सुपरबाईकवाली मंडळी गाड्या टेम्पोत टाकून, पट्टे आवळून आणतात, त्यांची ती वेगळीच काळजी चालू असते. आपण दोन्ही बाजूला पॅनिअर (सामानाच्या पेट्या) लावून, एकात लेदर सूट, दुसऱ्यात हवा भरायचा छोटा पंप, प्रेशर गेज आणि दोन जोडी कपडे घालून निघायचं. हायवेच्या टोल नाक्यावर दुचाकीला पैसे नाहीत हा आणखी एक फायदा. वाटेत आंबूरला बिर्याणी खाल्ली नाही तर जाण्यात अर्थ नाही, हे माझं वैयक्तिक मत आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

तिथे पोचल्यावर पॅनिअर काढायचे, आरसे काढायचे, हेडलाईट-टेललाईटला टेप मारायची म्हणजे पडलो तर काच ट्रॅकवर पसरत नाही. सकाळी गाडीची तपासणी होते. तेल गळतंय का, चेन किती ढिली आहे, ब्रेक पॅड किती उरलेत, थ्रॉटल सोडल्यावर स्वतःहून परत येतो का, हे बघतात. मग ब्रीफिंग, झेंड्यांचे अर्थ, कुठून बाहेर पडायचं कुठून आत यायचं. स्पीडनुसार ग्रुप पाडतात आणि आळीपाळीने सेशन. पहिले लॅप ओळख करून घेण्याचे, ओव्हरटेक नाही.

पहिल्याच सेशनला जी गोष्ट कळते ती इंजिनाची नाही, वजनाची. रस्त्यावर ही गाडी जड वाटतच नाही, चालायला लागली की २३८ किलो कुठे गेले असं होतं. ट्रॅकवर ते सगळे किलो ब्रेकच्या वेळी परत येतात. सरळ रस्त्यावर स्पीडो दोनशेच्या आसपास गेलाय, पुढे कॉर्नर आलाय, गाडी अधिक मी अधिक लेदर अधिक बूट असं तीनशे किलोच्या वर वजन थांबवायचंय. आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकला खायला लागणारी ऊर्जा चौपट होते, त्यामुळे शंभरवरून थांबण्याचा हायवेचा अनुभव इथे काही कामाचा नाही. पुढे ३०० मिमीच्या दोन डिस्क आणि रेडियल मोनोब्लॉक कॅलिपर आहेत, चावतात मस्त, पण दुसऱ्या सेशनच्या शेवटी माझा लीव्हर हळूहळू ग्रिपकडे यायला लागला. कॉर्नरला दाबतोय आणि नेहमीपेक्षा आणखी अर्धा इंच आत जातोय, ही भावना ज्याने घेतलीय त्यालाच कळेल.

पॅडॉकमध्ये येऊन मास्टर सिलिंडरचं, म्हणजे लीव्हरजवळच्या ब्रेक फ्लुइडच्या डबीचं, झाकण उघडलं तर आत कोऱ्या चहाच्या रंगाचं फ्लुइड. निघायच्या आधी एका सर्व्हिसवाल्याकडून बदलून घेतलं होतं, बिलात ओळ पण होती, पैसेही गेले होते, फ्लुइड मात्र जुनंच. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडचा पावसाळा म्हणजे त्याला मेजवानीच. डॉट ४ प्रकारच्या फ्लुइडचा किमान उकळबिंदू नवीन असताना २३० अंश आणि पाणी शोषल्यावर १५५, एवढा फरक पडतो. हायवेला ते १५५ कधी गाठलंच जात नाही म्हणून कळतही नाही. शेजारच्या पिटमधल्या एका अण्णांनी त्यांच्याकडची सीलबंद बाटली दिली, ब्लीड करून (लाईनमधलं जुनं फ्लुइड आणि हवा काढून) पण दिलं, पैसे घ्यायला तयार नव्हते. त्यानंतर दिवसभर लीव्हर दगडासारखा कडक. तेव्हा बाकी काही नका करू, पण जायच्या आधी फ्लुइड समोर उभं राहून बदलून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे फूटपेग, पाय ठेवायचे दांडे. टूरिंगसाठी पेग खाली असतात म्हणून गुडघे दुखत नाहीत, कोल्हापूर-बेंगळुरू एका दमात होतं. त्याच पेगच्या खाली धातूचे छोटे फीलर असतात आणि ट्रॅकवर ते पहिल्या दिवशीच घासतात. पहिल्यांदा तो किर्रर्र आवाज आला तेव्हा काळजात धस्स झालं, नंतर दर लॅपला त्याच जागी यायला लागला आणि खरं सांगायचं तर आवडायला लागला. संध्याकाळी बघितलं तर उजव्या फीलरचं टोक तिरकं कापल्यासारखं झालेलं, डावं जवळपास नवं, कारण ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आहे. पण इथे एक नीट समजून घ्या. पेग दुमडतो, त्यामुळे फीलर घासणं ही फक्त सूचना आहे. त्याच्या पुढे जे घासेल ते दुमडणारं नसतं, ते मागच्या टायरवरचं वजनच उचलून घेतं आणि मग गाडी गेलीच. म्हणून आवाज आल्यावर आणखी झुकवायची नाही, स्वतः आणखी बाहेर लटकायचं. अर्धं बूड सीटच्या बाहेर, डोकं आतल्या आरशाच्या जागी. बॉडी जितकी आत तितकी त्याच वेगाला गाडी कमी झुकते.

याच्या जोडीला सस्पेन्शन. मागच्या शॉकच्या प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच किती दाबलेली ठेवायची त्याचा) नॉब बाहेरच आहे, हाताने फिरतो, ही सोय खरं तर मागे माणूस आणि सामान बसल्यावर वापरायची आहे. ट्रॅकवर एकटा असूनही मी तो जवळजवळ जोडीने जातो तेवढा वाढवला. मागची बाजू वर आली, पेगला थोडी जागा मिळाली आणि गाडी कॉर्नरमध्ये पटकन पडायला लागली. पुढच्या फोर्कला कॉम्प्रेशनचे एक-दोन क्लिक वाढवले म्हणजे ब्रेक मारल्यावर नाक इतकं खाली जात नाही. खर्च शून्य. लोक आधी एक्झॉस्ट आणि ईसीयू मॅपवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग) लाखभर घालवतात ते मला कळत नाही, या गाडीला ट्रॅकवर आणखी पॉवर देणं म्हणजे पुढच्या कॉर्नरला ब्रेकचं काम वाढवणं.

पॉवरवरून आठवलं. सरळ रस्त्यावर मी ज्यांना ज्यांना मागे टाकत होतो त्यात एक केटीएम आरसी ३९० वाला पोरगा होता, आपल्या चाकणची गाडी. वय असेल बावीस-तेवीस. सरळला मी सुटायचो, पुढच्या दोन कॉर्नरमध्ये तो आतून असा निघून जायचा की जणू मी पार्किंग शोधतोय. शंभरेक किलोत त्रेचाळीस पीएस असं काही नाही, ती पण दीडशेच्या वर आहे, पण माझ्यापेक्षा कितीतरी हलकी आणि तो ब्रेक माझ्यानंतर मारायचा. त्याच्या मागे राहून जेवढं शिकलो तेवढं कुठल्या व्हिडिओतून शिकलो नाही. कुठे थ्रॉटल उघडतो, एपेक्सला (कॉर्नरचा सगळ्यात आतला बिंदू) किती उशिरा येतो, नजर कुठे आहे, सगळं समोर दिसतं. लिटर क्लास घेऊन गेलात तर इगो पॅनिअरमध्येच ठेवून या.

या गाडीचं ट्रॅकवरचं सुख वेगळं आहे. हॅण्डलबार वर आणि रुंद असल्याने डावीकडून उजवीकडे पलटवताना चांगला जोर मिळतो, मनगटावर भार येत नाही, त्यामुळे दुपारच्या सेशनला जेव्हा सुपरस्पोर्टवाले पाठ धरून खुर्चीत बसलेले असतात तेव्हा आपण फ्रेश. गिअर पण कमी बदलावे लागतात, बहुतेक ट्रॅक तिसऱ्या-चौथ्यात निघतो, एक गिअर वर ठेवून टॉर्कवर बाहेर पडलं की गाडी शांत राहते आणि चूक माफ करते. क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारा) वर-खाली दोन्हीकडे चालतो, वरच्या आरपीएमला लोण्यासारखा, शहरात तेवढा नाही. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारा) मी पूर्ण बंद केला नाही आणि करायची इच्छाही नाही, सकाळी रोड मोड, टायर आणि डोकं गरम झाल्यावर स्पोर्ट. एक-दोनदा कॉर्नरमधून निघताना त्याने हलकेच पॉवर कापलेली जाणवली, म्हणजे उजवा हात घाईत होता.

टायरबद्दल सविस्तर, कारण सगळा फरक तिथे आहे. कंपनीतून या गाडीला ब्रिजस्टोन एस२२ येतात, ते ट्रॅक डेला पुरेसे चांगले. माझ्या गाडीला मात्र आधीच्या मालकाने टूरिंग टायर टाकलेले आणि मी हायवेला पळवून मागचा मधोमध सपाट केलेला. असा चौकोनी झालेला टायर सरळ चालताना कळत नाही, पण झुकवताना सपाट भागाच्या काठावर आला की गाडी एकदम धपकन पडल्यासारखी होते, आणि तेच जर कॉर्नरच्या तोंडाशी झालं तर पोटात गोळा. टूरिंग टायर लवकर गरम होतात हा फायदा, पण चार-पाच लॅप जोरात मारले की जास्तच गरम होऊन तेलकट वाटायला लागतात. मग एक लॅप हळू घ्यायचा. प्रेशर रस्त्यावर पुढे ३६ मागे ४२ पीएसआय असतं, ते तसंच ठेवून ट्रॅकवर जाऊ नका. मी थंड असताना पुढे ३२ मागे ३० ठेवलं आणि दर सेशननंतर गाडी स्टॅंडला लावल्या लावल्या गेज लावलं. घरी निघायच्या आधी परत हवा भरायची, पॅनिअर लावून ३० वर हायवेला निघाल्यास टायर दुपारपर्यंत शिजेल.

चेन्नईच्या उन्हाबद्दल काय बोलणार. जानेवारी-फेब्रुवारीत जावं, तरीही लेदरच्या आत घामाने अंघोळ होते. ओआरएस दोन सेशनच्या मध्ये, जेवणात दहीभात, तिखट सांबाराच्या नादाला लागू नका नाहीतर पुढच्या सेशनला झोप येते.

खर्चाचं म्हणाल तर फी, राहणं, सूट भाड्याने, पेट्रोल (ट्रॅकवर ऍव्हरेज विचारू नका, हायवेच्या निम्म्यावर येतं) आणि झिजलेला टायर. पण खरी गोष्ट इन्शुरन्सची. पॉलिसीत रेसिंग, स्पीड टेस्टिंग वगैरे वगळलेलं असतं आणि ट्रॅकवर पडलात तर तो क्लेम धरून चालूच नका. पूर्ण फेअरिंगची (बाहेरून प्लास्टिकने झाकलेली) गाडी आहे, एका साध्या लो-साईडला (झुकलेली गाडी घसरून पडण्याला) उजवी बाजू, लीव्हर, पेग, एक्झॉस्ट असं बिल होतं की घरी सांगता येणार नाही. शिवाय याच गाडीवर नऊशे किलोमीटर परत यायचंय हे विसरू नका. मी त्यामुळे नव्वद टक्क्यांच्या वर गेलोच नाही आणि शेवटचं सेशन सोडून दिलं, थकलेलो होतो.

घेऊ का असं विचारणाऱ्यांना: फक्त ट्रॅकसाठी पाहिजे असेल तर सेकंडहॅंड आरसी ३९० किंवा अपाची आरआर ३१० घ्या, स्वस्तात जास्त शिकाल. एकच गाडी ठेवायची आहे, वर्षातले बहुतेक किलोमीटर हायवेचे आहेत आणि एक-दोनदा ट्रॅक करायचाय तर यासारखी गाडी नाही. आता निन्जा ११००एसएक्स आलीय, १०९९ सीसी, १३६ पीएस, म्हणजे कागदावर पॉवर कमी आणि टॉर्क थोडा जास्त, त्यासाठी १००० विकायची गरज मला तरी वाटत नाही. माझं सध्या एवढंच ठरलंय की मागे-पुढे एस२२ टाकायचे, ब्रेकला स्टीलच्या ब्रेडेड लाईन घालायच्या आणि उजवीकडचा फीलर नवीन मागवायचा. डावा अजून चालेल.