ठोक्याने न उघडणारं कुलूप: आठ महिने वापरल्यावर

किल्ली घरात राहिली आणि दार ओढलं गेलं, तिथून हे सगळं सुरू झालं. बोलावलेल्या किल्लीवाल्याने ना ड्रिल काढलं, ना तारा. सगळे दात खोलवर घासलेली एक किल्ली आत सरकवली आणि तिच्यावर हलके ठोके दिले. मी फोनमधून मान वर करेपर्यंत दार उघडं! कुलपावर साधा ओरखडाही नव्हता. हायसं वाटायला हवं होतं, पण पोटात गोळाच आला.

मग वाचत बसले. आपल्या नेहमीच्या लॅचमध्ये (लायनस येल ज्युनिअर यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेली पिन टम्बलरची रचना) पिनांच्या जोड्या असतात, एकीवर एक, आणि वर स्प्रिंग. ठोका बसला की खालची पिन जागीच राहते आणि वरची उडते. कॅरममध्ये चिकटलेल्या दोन सोंगट्यांपैकी मागचीला मारलं की पुढची सुटते ना, अगदी तसं. त्या क्षणभरात दोघींमध्ये फट पडते आणि एरवी पिनांनी अडवलेला सिलिंडर (किल्ली घालतो तो गोल भाग) फिरतो. 'बम्पिंग' म्हणतात ती हीच युक्ती. ती नवीही नाही, अमेरिकेत १९२८ मध्येच तिचं पेटंट निघालं होतं.

दुकानात आधी मला 'जास्त पिनांचं' कुलूप दाखवलं. पिना वाढल्या तरी तत्त्व तेच. किल्लीवर दातांऐवजी खळगे असलेली डिंपल कुलपंही पिना-स्प्रिंगवरच चालतात. रिळाच्या आकाराच्या सिक्युरिटी पिना तारेने उघडणाऱ्याला छळतात, ठोक्याला फारसं अडवत नाहीत. म्हणून ज्यात उडायला पिनाच नाहीत असं डिस्क डिटेनर घेतलं. ही कल्पना फिनलंडच्या एमिल हेन्रिक्सन यांची, १९०७ ची. अब्लॉय कंपनीची कुलपं याच घराण्यातली. आत फिरत्या चकत्यांची चळत असते. योग्य किल्लीने सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की बाजूची दांडी त्यांत बसते आणि मगच सिलिंडर मोकळा होतो. ठोकायचं कशाला?

हाताला सवय व्हायला आठवडा लागला. पहिला पाव फेरा रिकामा जातो, कारण तेवढ्यात चकत्या जागेवर येत असतात. किल्ली पूर्ण उलट फिरवल्याशिवाय बाहेर निघत नाही. सुरुवातीला हातात पिशव्या घेऊन दारात मी रोज खटपट करायचे. आता कुलपाकडे बघतही नाही.

तिसऱ्या महिन्यात मात्र किल्ली अडकली. चूक माझीच, कुलूप थोडं जड वाटलं म्हणून घट्ट ग्रीस भरलं होतं. त्यात धूळ बसून चकत्या एकमेकींना चिकटल्या. सिलिंडर काढून धुवावा लागला. आता पातळ तेलाचे दोन थेंब, तेही फिरवताना जड वाटलं तरच.

बसवतानाही एक घोळ झाला होता. बसवणाऱ्याने मापाची चौकशी न करता सिलिंडर आणला आणि तो दारावरच्या पट्टीबाहेर चांगला पाच मिलिमीटर आला. असं पुढे आलेलं टोक पकडीत धरून मोडता येतं, मग आत कितीही हुशार चकत्या असोत! मधल्या स्क्रूपासून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून बदलून घेतला. त्याच दिवशी चौकटीतल्या पट्टीचे बोटभरही नसलेले स्क्रू काढून भिंतीत जातील असे लांब घातले. खरं तर या स्क्रूंनी मला कुलपाइतकाच धीर दिला. लाथेला बम्पिंगशी काय देणंघेणं?

तक्रार एकच, पण मोठी. जादा किल्ली कोपऱ्यावर बनत नाही. सोबत आलेलं कार्ड दाखवून मागवावी लागते आणि वाट बघावी लागते. घरात चार माणसं आणि किल्ल्या तीन, त्यावरून दोनदा वाजलंय. ज्यांच्याकडे भाडेकरू सतत बदलतात त्यांनी आधी याचा विचार करावा. माझ्या दृष्टीने हाच गुणही आहे: आठ महिन्यांत किल्ली कोणाकोणाकडे आहे हे मला बोटांवर सांगता येतं. जुन्या लॅचच्या किती किल्ल्या फिरत होत्या, देव जाणे.

मागच्या दाराला अजून जुनं लॅचच आहे. तिथे आतून जाड अडसर घालते आणि बाहेर पडते नेहमी पुढच्या दाराने. अडसराला बाहेरून भोकच नाही, ठोकणार कुठे?